ॲप बनवलं ना, आता ५ जणांच्या हातात देऊन बघा

आपल्या नागपुरात आयटी पार्कपासून मिहानपर्यंत बरेच जण ॲप आणि वेबसाइट बनवून राहिले, स्क्रीन छान दिसतात, कोडही नीट असतो, तरी लोकं दोन दिवसांत ॲप काढून टाकतात. बहुतेक वेळा कारण एकच, ज्याच्यासाठी बनवलं त्याला ते वापरताना कोणी बघितलंच नाही. आणि बनवणाऱ्याला सगळी बटनं पाठ असतात, त्याला स्वतःला अडचण दिसणार कशी?

युजेबिलिटी टेस्टिंग म्हणजे एवढंच, खऱ्या माणसाला खरं काम द्यायचं, शेजारी बसायचं आणि बघायचं. लॅब लागत नाही. कोड लिहायच्या आधी कागदावर स्क्रीन काढून केलं तर अजूनच चांगलं, कागद खोडायला पैसे लागत नाहीत.

किती लोकं पाहिजे? जेकब नील्सन आणि थॉमस लँडाउअर या युजेबिलिटीच्या अभ्यासकांनी १९९३ मध्ये याचं गणित मांडलं. त्यांनी तपासलेल्या प्रोजेक्टमध्ये एका माणसाकडून सरासरी ३१ टक्के अडचणी समजायच्या, त्या हिशोबानं ५ जणांत साधारण ८५ टक्के बाहेर येतात आणि पुढं त्याच त्याच गोष्टी दिसायला लागतात. म्हणून १५ जण एकदम बोलावू नका, ५ जण, मग दुरुस्ती, मग परत ५ जण. हा आकडा काही काळ्या दगडावरची रेघ नाही, शेतकरी आणि अडते दोघंही वापरणार असतील तर दोन्हीकडून वेगळी माणसं घ्या.

माणसं निवडण्यातच सगळं आहे. ऑफिसमधला मित्र नको, इंजिनीअरिंगला असलेला भाचा तर नकोच. समजा संत्र्याचे भाव दाखवणारं ॲप आहे, तर काटोल-नरखेडकडून कळमन्याच्या बाजारात माल आणणारे काकाजी पाहिजे, लिलाव आटपल्यावर गाठा, त्यांच्या वेळेचे पैसे द्या, आणि फोन त्यांचाच वापरा, तुमचा नवा कोरा नाही. त्या फोनवर अक्षरं मोठी केलेली असतात, मग तुमच्या बटनावरच्या मात्रा आणि उकार कापले जातात. कीबोर्ड मराठी असतो, ते मराठी आकड्यांत १२३ टाकतात आणि तुमचा फॉर्म म्हणतो नंबर चुकीचा आहे. ओटीपी बघायला मेसेजमध्ये गेले, परत आले तर फॉर्म रिकामा. मे महिन्यात ४५ डिग्रीच्या उन्हात उभं राहून फिकट राखाडी अक्षरं वाचता येतात का हेही तिथंच कळते, एसीत बसून नाही कळत.

काम देताना स्क्रीनवरचे शब्द वापरू नका. "ऑर्डर ट्रॅक करा" म्हटलं की माणूस तेच शब्द शोधून दाबतो, त्यातून काहीच समजत नाही. "काकाजी, परवा मागवलेलं खत कुठवर आलं ते बघा बरं" असं सांगा. आणि मनात जे येते ते बोलत राहा म्हणा. आधी स्पष्ट सांगा की परीक्षा ॲपची आहे, तुमची नाही. रेकॉर्डिंग करायचं तर परवानगी घ्या, खरा यूपीआय पिन किंवा आधार नंबर टाकायला लावू नका.

मग गप्प बसा. हेच सगळ्यात अवघड आहे. ते अडकले की बोट आपोआप पुढं जाते दाखवायला, नका दाखवू. "हे दाबू का?" विचारलं तर "तुम्हाला काय वाटते?" एवढंच म्हणा. शेवटी "आवडलं का?" विचारून काही हाती लागत नाही, आपली माणसं भिडस्त, चहा पिऊन "मस्त आहे भाऊ" म्हणतात. त्यापेक्षा हात कुठं थांबला, काय दाबलं, कधी मागे गेले ते लिहा. काम पूर्ण झालं का आणि किती खटपट लागली, हे आधी बघा.

एक वाक्य मात्र हमखास ऐकू येते, "आपल्याले नाही जमत बाप्पा". हे ऐकलं की मला फार वाईट वाटते. वाईट डिझाइनचा दोष माणूस स्वतःवर घेतो, फोन पोराच्या हातात देतो, नाहीतर फॉर्म भरायला दुकानात पैसे मोजतो, आणि स्वतःच्या पैशाचा व्यवहार दुसऱ्याच्या भरवशावर सोडून देतो. वापरणाऱ्याचं हे नुकसान आहे, तुमच्या धंद्याचं नुकसान तर आहेच, कारण असा माणूस तक्रार करत नाही, गुपचूप निघून जातो.

टेस्ट झाली की त्याच संध्याकाळी टीमसोबत बसा, उद्यावर टाकलं तर अर्धं विसरता. कोण कुठं अडकलं ते लिहा, जिथं काम पूर्णच थांबलं किंवा पैसे अडकायची भीती आहे ते पहिले दुरुस्त करा, रंगबिंग नंतर. पुढच्या फेरीला माणसं नवीनच घ्या, जुन्यांना आता रस्ता माहीत झालेला असतो.