हिवाळ्याचं सरपण आत्ताच फोडा, उन्हाळ्यात वाळवा

नागपूर जिल्ह्यात कडाक्याची थंडी थोडेच दिवस असते, पण येते तेव्हा हाडात शिरते. 2018 च्या डिसेंबरअखेरीस शहरात पारा 3.5 अंशांवर उतरला होता. त्या दिवसांत शेकोटीला आणि अंघोळीच्या बंबाला लागणारं सरपण मार्च-एप्रिलमध्येच फोडून रचायला हवं. दिवाळीनंतर तोडलेलं ओलं लाकूड जानेवारीत धूरच देतं, आणि तो धूर चुलीपुढे बसलेल्या बाईच्या छातीत जातो.

ताज्या तोडलेल्या लाकडाचं जवळपास निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. चुलीत घातल्यावर आधी त्या पाण्याची वाफ होते आणि त्यातच बराच जाळ खर्ची पडतो. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या खाली आला की ते नीट पेट घेतं. टालीवरून वजनावर लाकूड घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, कारण ओलं घेतलं तर पैसे पाण्याचेच जातात. आपल्याकडचं एप्रिल-मेचं कोरडं ऊन आणि उष्ण वारा हे पाणी फुकटात ओढून घेतो. एवढी संधी सोडू नका.

ओंडका आख्खा ठेवला तर साल ओल धरून ठेवते. लाकडातलं पाणी मुख्यतः कापलेल्या तोंडांतून बाहेर पडतं, म्हणून हात-सव्वा हात लांबीचे तुकडे करा आणि मनगटापेक्षा जाड असलेले उभे फोडा. बाभूळ ओली असतानाच फोडावी, वाळल्यावर ती कुऱ्हाडीला दाद देत नाही. बाभळीचा जाळ टिकतो आणि निखाराही चांगला पडतो, पण साल ठेवली तर भुंगेरे लागून खाली पिठासारखा भुसा पडतो. जमेल तेवढी साल काढून टाका. सुबाभूळ लवकर वाळते, तशी लवकर जळूनही जाते.

संत्रा बागायतदारांना सल, म्हणजे झाडावरच्या वाळलेल्या फांद्या, काढताना बरंच सरपण मिळतं. वाळलेली फांदी थोड्या हिरव्या भागासह कापावी आणि कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावावी (1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी). काढलेली सल बागेत पडू देऊ नका, लगेच घराकडे न्या. सागवान, मोह, आंबा, चिंच, जांभूळ, खैर ही झाडं स्वतःच्या धुऱ्यावरची (बांधावरची) असली तरी 1964 च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. बिबा आणि कण्हेर सरपणात मिसळू नका. बिब्याचा चीक आणि धूर दोन्ही अंगावर उठतात, कण्हेर विषारी आहे.

रचताना काळ्या मातीवर थेट रचू नये, ती ओल धरते आणि वाळवीही वर चढते. मुरूम टाकून त्यावर विटा किंवा दगड, विटांवर दोन आडव्या बल्ल्या आणि मग सरपण, म्हणजे खालून वीतभर मोकळी हवा राहते. रांग एकाच तुकड्याच्या रुंदीची आणि छातीइतक्या उंचीची पुरे. तिची लांब बाजू वाऱ्याला तोंड करून ठेवा. दोन्ही टोकांना तुकडे आडवे-उभे घातले की रांग ढासळत नाही. ताडपत्री फक्त माथ्यावर घाला. चारी बाजूंनी गुंडाळलं तर ओल आतच कोंडते आणि बुरशी धरते. गोठा, कुटाराचा (कोरड्या भुशाचा) ढीग आणि विजेच्या तारा यांच्यापासून ही रांग लांब हवी, कारण मेमध्ये एका ठिणगीनंही पेट घेईल.

वाळलं की नाही हे ओळखायला एका तुकड्यावर खूण करा आणि आठवड्याला तो तोला. वजन उतरायचं थांबलं की समजा तयार. टोकांना भेगा पडतात, आणि दोन तुकडे एकमेकांवर मारले तर खणखणीत वाजतात.

पऱ्हाटीबद्दल, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांबद्दल, मात्र कळकळीनं सांगतो. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं विदर्भाचं काय केलं ते विसरण्यासारखं नाही. पऱ्हाटीवर राहिलेल्या किडक्या बोंडांत ही अळी सुप्त पडून राहते आणि पुढच्या हंगामात पतंग होऊन बाहेर येते. धुऱ्यावर पावसाळ्यापर्यंत ठेवलेली पऱ्हाटीची गंजी म्हणजे शेजारच्या कपाशीलाही धोका. कापूस संपताच पऱ्हाटी उपटा, बोंडं झोडून वेगळी करून आधी ती जाळा, आणि काड्या मेअखेरपर्यंत चुलीत संपवा. संपणार नसतील तर श्रेडरनं बारीक करून खत करा. हिवाळ्यासाठी साठवायच्याच असतील तर तुराट्या साठवा.

मृगाच्या आधी सगळं सरपण छपराखाली हलवा, भिंतीपासून हातभर अंतर ठेवून. पावसाळ्यात याच ढिगात विंचू, मण्यार, परड (घोणस) आसरा घेतात. काठीनं ठोकल्याशिवाय हात घालू नका, रात्री टॉर्च लागतोच, आणि लेकरांना सरपण आणायला धाडू नका.

थंडीत दारं-खिडक्या लावून खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवून झोपणं जिवावर बेततं. सरपण कितीही वाळलेलं असलं तरी निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साईड निघतोच. त्याला वास नसतो, त्यामुळे झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. झोपण्याआधी शेगडी बाहेर काढा. कुणाला डोकेदुखी, चक्कर, मळमळ वाटली तर त्याला लगेच मोकळ्या हवेत आणा आणि दवाखान्यात न्या.