नाशिकमधून मानसशास्त्रज्ञ होण्याची वाट

बारावी कोणत्याही शाखेतून झालेली असली तरी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात मानसशास्त्र विषय घेऊन बी.ए. आणि पुढे एम.ए. करता येते, मात्र २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्राच्या दूरस्थ व ऑनलाइन प्रवेशांना मनाई केली असल्यामुळे मुक्त विद्यापीठ गावातच आहे या भरवशावर राहू नये.

औषधे लिहून देणारे मनोविकारतज्ज्ञ एम.बी.बी.एस.नंतर एम.डी. झालेले असतात, हा फरक घरच्यांना आधीच समजावून सांगावा, कारण नातेवाईक पुढे हमखास झोपेची गोळी मागतात. रुग्णांसोबत काम करायचे असल्यास केवळ एम.ए. पुरत नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून पाटी लावण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि परिषदेकडील नोंदणी आवश्यक असते, म्हणून शुल्क भरण्यापूर्वी परिषदेच्या यादीत संस्थेचे नाव स्वतः तपासावे.

खरी तयारी प्रात्यक्षिकात होते. मुलाच्या बुद्धिमत्ता चाचणीसाठी लाल-पांढरे ठोकळे समोर मांडून, स्टॉपवॉच सुरू करून आपण बसलेलो असतो. मूल एक ठोकळा उलटसुलट करते, आपल्याकडे पाहते आणि थांबते. त्या क्षणी मदतीचा शब्दही न उच्चारता ते थांबणे जसेच्या तसे नोंदवणे फार अवघड जाते.

कारखान्यांतील मनुष्यबळ विभागात रस असणाऱ्यांनी औद्योगिक मानसशास्त्र निवडावे. सातपूर आणि अंबडच्या वसाहती जवळच असल्याने प्रकल्पासाठी विचारणा करणे सोपे जाते.