फिट आली की आधी घड्याळ बघा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उतरवताना कुणाला फिट आली, की कांदा, चप्पल, किल्ल्यांचा जुडगा लगेच हजर! यातल्या कशानंही झटके थांबत नाहीत. ते बहुतेक वेळा २-३ मिनिटांत आपोआप ओसरतात. वेळ बघा, टोकदार वस्तू सरकवा, डोक्याखाली घडी घातलेला टॉवेल ठेवा. हातपाय दाबून धरले तर खांदा निखळू शकतो. दातांत चमचा कोंबला तर दात तुटून श्वासनलिकेत जाऊ शकतो.

झटके थांबताच कुशीवर वळवा, लाळ बाहेर गळू द्या. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाण्याचा घोटही नको. ५ मिनिटं उलटली, लागोपाठ दुसरी आली, पहिलीच वेळ असेल किंवा बाई गरोदर असेल, तर १०८ ला फोन.

उसाच्या ट्रॉलीवरून पडून फिट आली असेल, तर मणका दुखावलाय असंच धरायचं. झटके थांबल्यावर एकानं डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरावं, बाकी तिघांनी खांदा, कंबर आणि पाय. वळवायचंच झालं, उलटी होत असेल तर, डोक्याकडचा "एक, दोन, तीन" म्हणेल तेव्हा अख्खं अंग एकदम वळवा. नुसती मान वळता कामा नये.