बुद्धिबळ इंजिनाला मेमरी देताना या चुका टाळा

कोल्हापुरात राजारामपुरीतील एका विद्यार्थिनीने परवा तक्रार केली की, स्टॉकफिश या बुद्धिबळ इंजिनाला भरपूर मेमरी देऊनही विश्लेषण रेंगाळत आहे. तिच्या 8 जीबी रॅमच्या लॅपटॉपवर हॅश, म्हणजे तपासलेल्या स्थितींच्या नोंदींसाठी इंजिनाला दिलेली मेमरी, 6144 एमबी ठेवलेला होता, शेजारी ब्राउझर उघडा होता आणि हार्ड डिस्कचा दिवा क्षणभरही विझत नव्हता. हॅश 2048 वर आणताच दिवा शांत झाला आणि दर सेकंदाला तपासल्या जाणाऱ्या स्थितींचा आकडा झपाट्याने वाढला.

रॅमच्या मानाने फार मोठा हॅश देणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. एकच स्थिती वेगवेगळ्या चालक्रमांनी पुन्हा पुन्हा येते. तिचा निष्कर्ष इंजिन हॅशमध्ये टिपून ठेवते, म्हणजे तीच मेहनत दुसऱ्यांदा करावी लागत नाही. परंतु रॅम अपुरी पडली की ऑपरेटिंग सिस्टीम त्यातील काही भाग डिस्कवर हलवते, आणि इंजिन हॅशमध्ये कधी इथे तर कधी तिथे डोकावत असल्यामुळे जवळजवळ प्रत्येक वेळी डिस्कची वाट पाहावी लागते. म्हणून 8 जीबीच्या यंत्रावर मी 2048 एमबीच्या पुढे सहसा जात नाही.

उलट, स्टॉकफिशचा मूळचा 16 एमबी हॅश तसाच ठेवून रात्रभर विश्लेषण लावणेही चुकीचेच. हॅश किती भरला हे इंजिन हजारपैकी किती अशा आकड्यात सांगते. 1000 म्हणजे पूर्ण भरला. तो लवकर भरून तसाच राहत असेल, तर जुन्या नोंदी पुसल्या जात आहेत असे समजावे आणि रॅम शिल्लक असल्यास हॅश दुप्पट करावा. जलद डावांसाठी मात्र एवढा खटाटोप नको.

थ्रेड, म्हणजे इंजिन एकाच वेळी चालवते ती समांतर कामे, वाढवले म्हणून हॅश तितक्या पटीने वाढवावा लागत नाही, कारण सर्व थ्रेड एकच हॅश वापरतात. दोन इंजिने एकाच वेळी चालवली, तर मात्र प्रत्येकाचा हॅश वेगळा धरावा लागतो. सिझिजी टेबलबेसचाही, म्हणजे मोजकेच मोहरे उरलेल्या स्थितींची अचूक उत्तरे साठवलेल्या फायलींचाही, हॅशशी संबंध नाही. पाच मोहऱ्यांपर्यंतच्या फायली सुमारे 1 जीबीच्या, तर सहा मोहऱ्यांच्या सुमारे 150 जीबीच्या असतात. त्या एसएसडीवर ठेवाव्यात आणि थोडी रॅम मोकळी सोडावी, कारण वाचलेला भाग ऑपरेटिंग सिस्टीम तिथेच जपून ठेवते.

दोन सेटिंगची तुलना करताना प्रत्येक चाचणीपूर्वी हॅश रिकामा करावा, अन्यथा पहिल्या चाचणीतील नोंदींचा फायदा दुसरीला मिळतो आणि आकडे फसवतात.