‘सॉफ्ट’ म्हणजे दर वेळी मऊच नव्हे: या चुका टाळा

‘जरा हळू बोल’ इंग्रजीत सांगताना सगळ्यांत जास्त फसगत होते. आपल्या ‘हळू’मध्ये आवाजही येतो आणि वेगही. इंग्रजीत दोन्हींचे खाते वेगळे. ‘स्पीक स्लोली’ म्हटलेत तर समोरचा एकेक शब्द सुटा करत तेवढ्याच मोठ्याने बोलत राहील आणि पाळण्यातले बाळ उठेल. तिथे ‘स्पीक सॉफ्टली’ हवे. घरगुती बोलण्यात ‘कीप युअर व्हॉइस डाउन’ जास्त सहज वाटते.

दुसरा घोटाळा गुळगुळीतचा. बोट दाबले की आत जाते ते सॉफ्ट, बोट फिरवले की कुठे अडत नाही ते स्मूद. बाळाचा गाल दोन्ही असतो. फरशी मात्र फक्त स्मूद. ब्रिटनमध्ये रस्त्याकडेला ‘सॉफ्ट व्हर्जेस’ अशी पाटी दिसते. तिचा अर्थ कडेची माती भुसभुशीत आहे, गाडी खाली उतरवलीत तर चाक रुतेल.

स्वयंपाकघरात तर एका ‘सॉफ्ट’वर भागतच नाही. मटण छान शिजले की ते टेंडर. भाताचा गिचका झाला की मशी. पापड सादळला तर ‘इट हॅज गॉन सॉफ्ट’ बरोबर, पण चहात भिजून लिबलिबीत झालेले बिस्कीट सॉगी. तिखट कमी असलेली भाजी माइल्ड. तिला सॉफ्ट म्हटलेत तर ऐकणारा फोडी जास्त शिजल्या असे समजेल. हॉटेलात ‘सॉफ्ट-बॉइल्ड’ अंडे मागितलेत तर बलक वाहताच येणार, कारण ते उकळत्या पाण्यात साधारण 6 मिनिटेच ठेवतात. घट्ट बलक हवा तर ‘हार्ड-बॉइल्ड’ मागा, म्हणजे 10 ते 12 मिनिटांचे.

शब्द अडला की आधी त्याच्या उलट काय ते बघा. उलट ‘लाउड’ असेल तर सॉफ्ट चालेल. ‘रफ’ असेल तर स्मूद, ‘टफ’ असेल तर टेंडर, ‘स्ट्रिक्ट’ असेल तर लीनियंट. ही युक्ती दहापैकी दहा वेळा चालत नाही, पण बऱ्याचदा वाचवते.

माणसांबद्दल बोलताना जपून. ‘सॉफ्ट-स्पोकन’ हे कौतुक. नुसते ‘ही इज सॉफ्ट’ म्हणजे लेचापेचा, कोणीही गुंडाळावा असा. मवाळ स्वभावाला ‘जेंटल’ म्हणा. उत्तर इंग्लंडमध्ये ‘डोन्ट बी सॉफ्ट’ म्हणजे सरळ ‘वेडेपणा करू नकोस’. आणि आपला लाडका ‘सॉफ्ट कॉर्नर’ भारतात सगळ्यांना कळतो, लंडन-न्यूयॉर्कमध्ये मात्र ‘सॉफ्ट स्पॉट’ म्हणतात, पुढे ‘फॉर’ लावून.

राहिला उच्चार. ‘सॉफ्ट’मधला ट ऐकू येतो, पण त्याचे क्रियापद ‘सॉफन’. ‘लिसन’सारखाच त्यातला ट गिळला जातो. कपड्यांच्या धुलाईत घालतात तेही ‘सॉफनर’. ‘सॉफ्टनर’ म्हटले तरी दुकानदार बाटली देतो म्हणा, पण इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत ती सूट मिळत नाही.