नाट्यशिक्षणाची वर्षे वहीत कशी उतरवावी

गोव्यात नाट्यशिक्षण घेणारा विद्यार्थी वर्षभर जेवढे काम करतो, त्याच्या निम्मेही कागदावर उरत नाही. गोवा विद्यापीठाशी संलग्न असलेल्या कला अकादमीच्या नाट्य महाविद्यालयातील विद्यार्थी असो किंवा इतर महाविद्यालयातून युवा महोत्सवाच्या एकांकिकेत उतरणारा असो, पुढच्या शिक्षणासाठी अर्ज भरायची वेळ आली की त्याच्यापाशी दोन-चार प्रमाणपत्रे आणि मोबाइलमधली छायाचित्रे एवढेच निघते. १९५९ साली स्थापन झालेल्या दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयासारख्या संस्थेत मुलाखतीला गेल्यावर मात्र ‘तुम्ही नेमके काय केले’ हे सांगावे लागते, आणि ‘नाटकात होतो’ हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. म्हणून पहिल्या तालमीपासूनच नाटकाची वही ठेवावी.

वही जाड पुठ्ठ्याची, शिवलेली असावी. सुटे कागद फायलीत ठेवले तर जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत ते एकमेकांना चिकटतात. जेल पेनची शाई ओल लागताच पसरते, त्यामुळे बॉलपेन आणि पेन्सिल हीच साधने बरी. संहितेचे एकेक पान वहीच्या उजव्या बाजूस चिकटवावे आणि डावे पान कोरे सोडावे. त्या कोऱ्या पानावर रंगमंचाचा लहानसा आराखडा काढून पात्रांच्या हालचाली पेन्सिलीने दाखवाव्यात, कारण तालमीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्यांतल्या बऱ्याच बदललेल्या असतात. प्रकाशाचे आणि संगीताचे क्यू, म्हणजे बदलाचे इशारे, मात्र लाल रंगाने, ज्या शब्दावर ते पडतात त्या शब्दाखाली रेघ मारून लिहावेत. ‘दुःखी प्रसंगात निळा प्रकाश’ अशी नोंद उपयोगाची नाही. कोणत्या वाक्याच्या कोणत्या शब्दाला, किती सेकंदांत आणि कोणता दिवा, हे लिहिले तरच ती नोंद दुसऱ्याला वाचता येते.

पहिल्या वर्षी भूमिकेचा आग्रह धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या वर्षी प्रॉपर्टी, म्हणजे प्रयोगात नटांना हाताळायला लागणाऱ्या वस्तू, सांभाळावी. मी स्वतः पहिल्या वर्षी फोंडा तालुक्यातील एका देवळासमोरच्या प्रयोगात हे काम पाहत होतो आणि दुसऱ्या अंकात नायकाने टेबलाच्या खणातून काढायचे पत्र माझ्या हलगर्जीपणामुळे रंगपटातच राहिले. नटाने खण उघडला, तो रिकामा होता. त्याने क्षणभर थांबून खिशातली विड्याची पुडी सोडली आणि तिचा कागद उलगडून पत्राचा सगळा मजकूर तोंडपाठ वाचला. प्रेक्षकांना काही कळले नाही, परंतु विंगेत उभा असताना माझे हातपाय गार पडले होते. तेव्हापासून मी विंगेतल्या टेबलावर पांढरा कागद अंथरतो, प्रत्येक वस्तू त्यावर ठेवून तिच्याभोवती रेघ ओढतो आणि आत तिचे नाव, अंक व ती नेणाऱ्या पात्राचे नाव लिहितो. पहिली घंटा होण्यापूर्वी त्या कागदावर एकही रेघ रिकामी दिसता कामा नये. प्रयोगानंतर तो कागद घडी घालून वहीत ठेवावा. आपण काय सांभाळले याचा याहून चांगला पुरावा नाही.

बरेच विद्यार्थी स्पर्धेतल्या नाटकांची तेवढी नोंद करतात आणि गावातली उत्सवी नाटके सोडून देतात. ही मोठी चूक आहे. गोव्याची मराठी रंगभूमी देवळांच्या मांडवांतून वाढली आणि आजही जत्रेच्या रात्री गावातलीच माणसे दिवसभराचे काम आटोपून तोंडाला रंग लावतात. अशा एखाद्या नाटकाला हंगामभर प्रॉम्प्टर, म्हणजे नटाला विसरलेले वाक्य हळूच सांगणारा, म्हणून बसावे. नट कुठे अडखळतो, वाक्य विसरण्यापूर्वी त्याचा श्वास कसा बदलतो आणि टांगलेल्या माईकखाली जाण्यासाठी तो जागा कशी सोडतो, हे तिथे जितके जवळून दिसते तितके वर्गात दिसत नाही. ही निरीक्षणे त्याच रात्री, झोपण्यापूर्वी, चार ओळींत का होईना लिहून काढावीत.

भाषेसाठी वहीत वेगळी पाने राखावीत. आपल्यापैकी बहुतेकांची घरची बोली कोकणी आहे. तिच्यातले ए आणि ओ हे स्वर विवृतही असतात आणि संवृतही, तर मराठीत हा भेद नाही. त्यामुळे संगीत नाटकातले किंवा ऐतिहासिक नाटकातले वाक्य बोलताना आपला हेल नकळत उमटतो. त्यात लाज वाटण्यासारखे काहीही नाही, मात्र तो कुठे हवा आणि कुठे नको हे नटाच्या ताब्यात असले पाहिजे. जे शब्द दिग्दर्शकाने दोनदा सुधारले, ते लिहून रोज सकाळी मोठ्याने म्हणावेत. पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली तालीम असेल तर पावसावर ओरडू नये. शब्दाचे शेवटचे अक्षर न गिळता बोलावे, आवाज आपोआप पोहोचतो.

यशाची नोंद करताना शब्द काटेकोर वापरावेत. कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत नाटक असेल तर गट ‘अ’ की ‘ब’ हे लिहावे. युवा महोत्सवात एकांकिका, प्रहसन आणि मूकनाट्य हे वेगवेगळे प्रकार असल्याने प्रकाराचे नाव टाळू नये. उत्तेजनार्थ पारितोषिकाला उत्तेजनार्थच म्हणावे, आणि पारितोषिक संघाचे असेल तर ते आपल्या एकट्याच्या नावावर मांडू नये. तारीख, स्थळ, नाटककार, दिग्दर्शक आणि आपली जबाबदारी एवढे प्रत्येक नोंदीत हवेच. ज्या प्रयोगाला काहीच मिळाले नाही, त्याचीही नोंद तितक्याच तपशिलाने करावी. परीक्षकांनी तोंडी सांगितलेले दोष त्याखाली त्यांच्याच शब्दांत उतरवावेत, कारण पुढच्या वर्षी हीच पाने सर्वांत जास्त उघडली जातात.

नेपथ्य उतरवायला सुरुवात होण्यापूर्वी रिकाम्या रंगमंचाचे एक छायाचित्र घ्यावे आणि लेव्हल (उंच चौथरे) व फ्लॅट (उभ्या चौकटीच्या भिंती) यांची मापे टेपने मोजून लिहावीत. नोंदीखाली दिग्दर्शकाची सही त्याच आठवड्यात घ्यावी. त्यानंतर मंडळी पांगते, कुणी नोकरीला लागते, कुणी मुंबईला जाते, आणि एका सहीसाठी महिनोन् महिने फोन करावे लागतात.