मे महिन्यात अल्जिनेट लवकर का सेट होतं? नव्या डेंटल असिस्टंटसाठी

नाशिकच्या कॉलेज रोडचा दवाखाना असो की सिडकोतला, नव्याने लागलेल्या मुलीच्या किंवा मुलाच्या हातात आधी सक्शन (तोंडातलं पाणी-लाळ ओढणारी नळी) येतं आणि मग अल्जिनेटचा, म्हणजे दातांचा ठसा घ्यायच्या पावडरचा, रबर बाऊल. सक्शन चार दिवसांत जमतं. मटेरियल कालवायला जास्त दिवस लागतात, कारण पाकिटावरच्या वेळा साधारण २३ अंशांच्या खोलीसाठी असतात. नाशिकची खोली मे महिन्यात तशी नसते आणि जानेवारीतही नसते.

अल्जिनेटचा डबा आधी झाकण घट्ट लावून दोन-तीनदा उलटा करा, म्हणजे दबलेली पावडर मोकळी होते. झाकण लगेच उघडू नका, बारीक धूळ उडते, मास्क हवाच. कंपनीच्याच डब्यातला चमचा आणि मापाचा पेला वापरा, दुसऱ्या ब्रँडचा चालत नाही. चमचा सुरीने सपाट करा. बाऊलमध्ये आधी पाणी, मग पावडर. ती भिजली की स्पॅच्युला (कालवायची पट्टी) बाऊलच्या कडेवर दाबत ४५ सेकंद ते एक मिनिट घोटा. मिश्रण सायीसारखं गुळगुळीत झालं आणि स्पॅच्युलावरून ओघळलं नाही, म्हणजे झालं.

उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला कोमट येतं आणि ट्रे तोंडात जायच्या आत मिश्रण रबरासारखं होतं. थंडीत उलटं: पाणी गार, अल्जिनेट सेट व्हायचं नाव घेत नाही आणि पेशंटला उमासे येतात. अशा वेळी बरेच जण पाणी कमी-जास्त करून वेळ सांभाळतात. ते करू नका. पातळ झालेलं माप (दातांचा ठसा) तोंडातून काढताना फाटतं, घट्ट झालेलं बारीक कडा उचलत नाही. बदलायचं ते पाण्याचं तापमान. उन्हाळ्यात फ्रिजमधल्या बाटलीचं पाणी नळाच्या पाण्यात मिसळून २० ते २३ अंशांच्या आसपास आणा. दहा दिवसांत थर्मामीटरशिवाय बोटाला कळायला लागतं.

माप बाहेर आलं की लाळ-रक्त वाहत्या पाण्यात धुवा, १ टक्का हायपोक्लोराइट (जंतुनाशक, बोलताना ‘हायपो’) फवारा आणि ओल्या टिश्यूत गुंडाळून झिपच्या पिशवीत १० मिनिटं ठेवा. ५ टक्क्यांची बाटली असेल तर एक भाग हायपो, चार भाग पाणी, आणि ते रोज ताजं. उघडं ठेवलेलं अल्जिनेट पाणी सोडून आकसतं, पाण्यात बुडवलं तर फुगतं. दोन्हीत लॅबमधून आलेली कॅप बसत नाही आणि बोल लॅबवाल्याला बसतात. म्हणून मापात दातांचं मॉडेल लगेच ओता. पिवळा स्टोन (मॉडेलचं कडक प्लास्टर) १०० ग्रॅमला साधारण ३० मिली पाणी. साध्या पांढऱ्या प्लास्टरला ४५ ते ५०. व्हायब्रेटरवर ट्रे ठेवून एका बाजूच्या शेवटच्या दाढेतून थोडा-थोडा सोडा आणि पुढे वाहू द्या. मधोमध एकदम गोळा टाकलात तर हवा अडकते आणि दाताच्या टोकाला भोक पडतं. तासाभरात मॉडेल काढा. रात्रभर राहिलं तर वाळलेलं अल्जिनेट मॉडेलचा पृष्ठभाग खराब करतं.

ग्लास आयोनोमरला (कॅप चिकटवायच्या, फिलिंगच्या सिमेंटला) मात्र घाईच बरी. बाटली पूर्ण उभी उलटी धरून थेंब पाडा. तिरकी धरली की हवेचा बुडबुडा येतो आणि थेंब लहान पडतो. पावडरचे दोन भाग करा, पहिला १० सेकंदांत, दुसरा १५ ते २० सेकंदांत. छोट्या जागेत, प्लास्टिकच्या स्पॅच्युलाने. स्टील घासलं जातं आणि सिमेंट करडं होतं. डॉक्टरांच्या हातात जाताना मिश्रणावर चकाकी हवी. ती गेली म्हणजे दाताला चिकटणारं आम्ल संपत आलं. ते देऊ नका, नवं कालवा. चार थेंब वाया गेल्याचं कुणी बोललं तरी चालेल, पण महिन्याभरात निघालेली कॅप महाग पडते.

झिंक ऑक्साइड युजेनॉल हे तात्पुरतं सिमेंट ओलाव्याने लवकर सेट होतं. पावसाळ्यात फ्रिजमधून काढलेल्या काचेच्या स्लॅबवर दव जमतं, ते पुसूनच कामाला लागा. आणि कालवण्याआधी विचारा, “मॅडम, वर कॉम्पोझिट येणार आहे का?” कॉम्पोझिट म्हणजे दाताच्या रंगाचं, प्रकाशाने कडक होणारं रेझिनचं फिलिंग. ते येणार असेल तर युजेनॉल नको, त्याने रेझिन नीट कडक होत नाही.

पुटीचं, म्हणजे माप घ्यायच्या हाताने मळायच्या मटेरियलचं, एक गुपित नव्यांना उशिरा कळतं: ॲडिशन सिलिकॉन लॅटेक्सच्या ग्लोव्हजने मळलं तर ग्लोव्हजमधलं गंधक पुटी सेट करणारा कॅटॅलिस्ट मारतं आणि पुटी चिकटच राहते. व्हिनाइल किंवा नायट्राइल घाला, लॅटेक्स काढल्यावर हात धुवा.

कॉम्पोझिट काढलं की नारिंगी झाकणाखाली ठेवा, चेअरच्या दिव्यानेही ते कडक व्हायला लागतं. एचंट म्हणजे दाताचा पृष्ठभाग खरखरीत करणारं ३७ टक्के फॉस्फरिक आम्ल. लावल्यापासून सेकंद मोठ्याने मोजा, १५ झाले की सांगा. धुताना सक्शन जवळ हवं, जिभेवर ओघळ गेला की चटका बसतो.

रूट कॅनालच्या ट्रेवर कॅनाल धुवायची सलाईन, हायपो आणि क्लोरहेक्सिडीन तिन्ही बिनरंगी-सारखीच दिसतात. सिरिंज भरताक्षणी चिकटपट्टीवर नाव लिहा, “मला आठवतंय” यावर जाऊ नका. हायपोची सिरिंज पेशंटच्या चेहऱ्यावरून देऊ नका, हनुवटीखालून द्या. हायपोनंतर थेट क्लोरहेक्सिडीन गेलं तर कॅनालमध्ये तपकिरी-नारिंगी साका बसतो, म्हणून डॉक्टरांनी मागायच्या आत मधली सलाईनची सिरिंज तयार ठेवा.